पाच ड्रॉवरची क्रॅश कार्ट : शोरूममध्ये देखणी, कोडनंतर कशी?

क्रॅश कार्ट (हृदय बंद पडलेल्या पेशंटसाठी औषधं आणि साधनं भरून ठेवलेली गाडी) पसंत करतात डॉक्टर, विकत घेतं परचेस खातं आणि सांभाळते ती सिस्टर. म्हणून कोटेशनमध्ये ड्रॉवर किती, रंग कोणता, टॉप स्टीलचा की प्लास्टिकचा एवढंच येतं. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरचा प्रश्न वेगळा असतो. कोड ब्लू (हृदय-श्वास थांबलेल्या पेशंटला वाचवायची धावपळ) संपलाय, ड्रॉवर विस्कटलेत, दारात पुढची अ‍ॅम्ब्युलन्स लागली आहे. अशा वेळी ही गाडी मोजून, भरून, सील करून पुन्हा तयार व्हायला किती वेळ लागेल? पाव तासाच्या आत, एकट्या माणसाच्या हातून हे झालं पाहिजे. कार्टची खरी परीक्षा आमच्या मते तिथेच आहे. उघडायला तर सगळ्याच कार्ट सोप्या असतात.

इथे ज्या कार्टबद्दल लिहितोय ती मध्यम आकाराच्या रुग्णालयांत सर्रास दिसते : एबीएस प्लास्टिकची बॉडी, कोपऱ्यांना अ‍ॅल्युमिनियमचे खांब, पाच ड्रॉवर (वरचे तीन उथळ, खालचे दोन खोल), वर डिफिब्रिलेटरसाठी (हृदयाला शॉक देणारं मशीन) फिरती प्लेट, सलाइन स्टँड, पाठीमागे सीपीआर बोर्ड (छाती दाबताना पेशंटच्या पाठीखाली घालायची फळी), बाजूला सिलिंडरची कडी, खाली चार चाकं. बनवणारे बरेच आहेत, साचा जवळपास एकच. त्यामुळे नाव कुणाचंही असो, खालचे मुद्दे बहुतेक मॉडेलना लागू पडतात.

ही गाडी मुळात एका सिस्टरच्या डोक्यातून आलेली आहे. अमेरिकेतल्या बफेलो शहरात इमर्जन्सी विभागात काम करणाऱ्या अ‍ॅनिटा डॉर यांनी १९६० च्या दशकात अशी कार्ट तयार केली. वस्तू गोळा करायला धावाधाव होते आणि त्यात मिनिटं जातात, हे त्यांचं कारण होतं. आज बाजारात मिळणारी कार्ट पाहिली की मात्र वाटतं, ड्रॉवरचे कप्पे आखणाऱ्याने हातमोजे घालून एकही अँप्युल (इंजेक्शनच्या औषधाची छोटी कुपी) उचललेली नसावी.

कप्प्यांपासूनच सुरुवात करू. वरच्या ड्रॉवरमध्ये कंपनी साच्यातच ओतलेले पक्के कप्पे देते. ते १ आणि २ मिलीच्या अँप्युलला बरोबर बसतात. पण अमिओडॅरोन ३ मिलीची, कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलीची आणि सोडाबायकार्ब २५ मिलीची असते. मोठ्या अँप्युल मग आडव्यातिडव्या पडतात किंवा खालच्या ड्रॉवरमध्ये हद्दपार होतात, आणि औषधं दोन ठिकाणी विभागली जातात. कप्प्यांच्या भिंतीही बुटक्या. घाईत ड्रॉवर जोरात लोटला की अँप्युल उडी मारून शेजारच्या घरात जाते. अ‍ॅड्रेनलिन आणि अ‍ॅट्रोपिन दोन्ही १ मिलीच्या, उंचीला सारख्या, लेबलवरची अक्षरं मुंगीएवढी. या दोघी शेजारी ठेवायच्याच नाहीत, मध्ये वेगळ्या आकाराचं काहीतरी हवं. म्हणून पक्के कप्पे असलेली कार्ट घेऊच नका. हलवता येणाऱ्या पट्ट्या हव्यात, निदान ७ सेंटीमीटर उंचीच्या, आणि तळाला पातळ फोमची शीट.

संख्येचा हिशेब आधी करून मगच कप्पा मोजायचा. अरेस्टमध्ये, म्हणजे हृदय थांबल्यावर, अ‍ॅड्रेनलिन १ मिग्रॅ दर ३ ते ५ मिनिटांनी जातं. कोड अर्धा तास चालला तर ७ ते ११ अँप्युल संपतात. त्यानंतर रक्तदाब टिकवायला ड्रिप लावली तर आणखी. म्हणून २० हव्यात. प्रत्येक डोसमागे २० मिली सलाइनचा फ्लश आणि हात वर उचलणं आलं, नाहीतर औषध कोपराच्या शिरेतच घुटमळतं. ११ डोस म्हणजे २२० मिली, म्हणजे १०० मिलीच्या तीन बाटल्या फक्त फ्लशसाठी. हे गणित कोटेशन देणाऱ्याला माहीत नसतं. त्याच्या नमुना यादीत सलाइनच्या दोन बाटल्या आणि अ‍ॅड्रेनलिनचे पाच खण असतात. अमिओडॅरोनची अँप्युल १५० मिग्रॅची, अरेस्टमधला पहिला डोस ३०० म्हणजे दोन, दुसरा १५० म्हणजे एक. एका पेशंटला तीन लागतात, सहा ठेवाव्यात.

अ‍ॅट्रोपिनचं आपल्याकडचं गणित तर परदेशी यादीत बसतच नाही. नाडी मंदावल्यावर द्यायचं तर कमाल ३ मिग्रॅ, म्हणजे ०.६ च्या पाच अँप्युल. त्या मानाने दहा म्हणजे भरपूर. पण विदर्भ-मराठवाड्यात फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाचा पेशंट आला की पहिला डोस १.८ मिग्रॅ (तीन अँप्युल), पाच मिनिटांनी छाती ओलीच (फुप्फुसांत स्राव) असेल तर दुप्पट (सहा), आणखी पाच मिनिटांनी पुन्हा दुप्पट (बारा). दहा मिनिटांत एकवीस! कार्टमधल्या दहा अँप्युल तिसऱ्या डोसला पोचतही नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून झालेल्या विषबाधा ज्यांच्या लक्षात आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा भागात १०० अँप्युलचा वेगळा डबा कार्टच्या शेजारी ठेवावा. तो कार्टमध्ये कोंबायचा नाही, एका विषबाधेत अख्खी कार्ट रिकामी होते आणि पुढच्या अरेस्टला हात रिकामे राहतात.

सर्पदंशाचाही असाच वेगळा डबा. त्यात पॉलिव्हॅलंट अँटिव्हेनमच्या निदान १० व्हायल, सोबतचं पाणी, अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिग्रॅ मांडीत देण्यासाठी सिरिंज आणि सुई, आणि काचेची कोरडी, स्वच्छ टेस्ट ट्यूब. ती शेवटची वस्तू हमखास नसते. २० मिनिटांच्या गोठण्याच्या चाचणीला २ मिली रक्त काचेच्याच नळीत ठेवावं लागतं. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत रक्त नीट गोठत नाही आणि विष नसतानाही असल्यासारखं दिसतं. कोकणात विंचवासाठी प्रॅझोसिनच्या गोळ्याही या डब्यात हव्यात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या कामानंतर त्याबद्दल वाद राहिलेला नाही.

जे कार्टमध्ये नको तेही सांगायला हवं, कारण रिकामा कप्पा दिसला की कुणीतरी काहीतरी आणून टाकतं. पोटॅशियम क्लोराइड नको. त्याची १० मिलीची प्लास्टिक अँप्युल आणि इंजेक्शनच्या पाण्याची अँप्युल अंधुक उजेडात एकच वाटते, आणि ती पातळ न करता शिरेत गेली तर हृदय थांबतं. फेंटानिल, मॉर्फिन नको. ती कुलपात, रजिस्टरच्या ताब्यात. सक्सिनिलकोलिन, रॉक्युरोनियम आणि लोराझेपाम २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये. पण ती फ्रिजमध्ये आहेत हे ड्रॉवरवर ठळक लिहिलेलं हवं, नाहीतर श्वासनलिकेत ट्यूब टाकायच्या वेळी नवीन सिस्टर सगळे कप्पे धुंडाळत बसते. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात एसी बंद पडलेल्या कॅज्युअल्टीत बाकीच्या औषधांचंही खरं नाही. वरच्या ड्रॉवरमध्ये एक साधा थर्मामीटर टाकून ठेवणं स्वस्त पडतं.

आता गाडीच्या अंगाकडे. ड्रॉवर कशावर सरकतात हे आधी पाहा. स्वस्त मॉडेलमध्ये प्लास्टिकचा ड्रॉवर प्लास्टिकच्याच खाचेत सरकतो. रिकामा असताना लोण्यासारखा. खालच्या ड्रॉवरमध्ये अर्ध्या लिटरच्या सलाइन-आरएलच्या आठ बाटल्या ठेवल्या की चार किलो झाले, सेट आणि सिरिंज वेगळ्या. काही महिन्यांत खाच झिजते, ड्रॉवर पुढे झुकतो, आणि एके दिवशी ओढल्यावर पायावर येतो. खोल ड्रॉवरना बॉल-बेअरिंगच्या धातूच्या पट्ट्या आणि शेवटी थांबा हवा. शोरूममध्ये पाण्याच्या चार मोठ्या बाटल्या मागवा, खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा आणि वीस-तीस वेळा ओढून बघा. विक्रेत्याचा चेहराच बाकीचं सांगतो.

दुसरी चाचणी तोलाची. वर डिफिब्रिलेटर आणि मॉनिटर ठेवून दोन ड्रॉवर एकदम पूर्ण उघडा. हलकी कार्ट पुढे कलते. यावर काही कंपन्यांनी उपाय काढलाय : एक ड्रॉवर उघडा असताना दुसरा उघडतच नाही. कागदावर सुरक्षित आहे, पण कोडमध्ये एअरवेचा (श्वासमार्गाच्या सामानाचा) आणि औषधांचा असे दोन ड्रॉवर उघडे लागतातच. रात्रपाळीला दोन सिस्टर असतात, त्यातली एक छाती दाबत असते. दुसरी औषध भरते, वेळ लिहिते आणि डॉक्टरांना ट्यूबही तीच देते. तिला एकाच ड्रॉवरवर अडवणारी सोय आम्हाला नको. त्यापेक्षा पाया रुंद आणि जड सामान तळाला.

एअरवेचं सामान उचलता येणाऱ्या ट्रेमध्ये हवं. डोक्याशी उभा असलेला माणूस आणि कमरेशी उभी कार्ट यांत दीड मीटरचं अंतर असतं. ट्रे उचलून उशाशी ठेवला की मधली ये-जा संपते. त्यात लॅरिंगोस्कोपचं (ट्यूब टाकताना घशात बघायचं दिव्याचं साधन) हँडल, ३ आणि ४ नंबरची वाकडी ब्लेड, ७ ते ८ च्या ट्यूब, स्टायलेट, बूजी, कफसाठी १० मिली सिरिंज, बांधायची पट्टी, गुडेल एअरवे. लहान मुलांचं सामान याच ट्रेमध्ये ठेवू नका; साडेतीनची ट्यूब साडेसातच्या खाली गेली की सापडत नाही. मुलांसाठी वेगळा ड्रॉवर, आणि त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं सूत्र : कफ नसलेली ट्यूब म्हणजे वय भागिले ४, अधिक ४, कफ असलेली म्हणजे अधिक साडेतीन. शॉक पहिला किलोमागे २ जूल, पुढचा ४. घाबरलेल्या डोक्याला भागाकार जमतो, सूत्र आठवत नाही.

कुलूप हा या साच्यातला सगळ्यात मोठा दोष. बहुतेक कार्टना किल्लीचं कुलूप येतं. किल्ली इन्चार्जच्या खिशात आणि इन्चार्ज मीटिंगला. हवं ते हातानं तुटणारं, नंबर असलेलं प्लास्टिक सील. त्यासाठी सगळ्या ड्रॉवरवरून जाणारी एकच उभी पट्टी आणि तिला सीलचं भोक लागतं. पट्टी नसलेल्या कार्टवर लोक इलेक्ट्रिशियनच्या केबल टाय बांधतात. ती तोडायला कात्री लागते आणि कात्री असते तिसऱ्या ड्रॉवरमध्ये.

सीलचा फायदा पाळी बदलताना कळतो. सील शाबूत असेल आणि नंबर रजिस्टरशी जुळत असेल तर आतली प्रत्येक अँप्युल मोजायची गरज नाही. सीलजवळ कार्डावर एकच तारीख लिहायची : आतल्या सगळ्यांत आधी एक्सपायर होणाऱ्या वस्तूची. महिन्यातून एकदा पूर्ण उघडून मोजणी. तीन महिन्यांत संपणारा माल काढून आयसीयूला द्यायचा, तिथे तो वापरला जातो. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचची अपेक्षाही याच धर्तीची आहे : आपत्कालीन औषधांची ठरलेली यादी, सगळीकडे सारखी मांडणी, वापरल्यावर लगेच भरणा. म्हणून वॉर्डातली कार्ट एका कंपनीची आणि कॅज्युअल्टीतली दुसऱ्या साच्याची घेतली की मांडणी जुळत नाही. डेप्युटेशनवर आलेल्या सिस्टरला हे पहिल्या कोडला कळतं.

पण सीलमध्ये एक गोम आहे. लॅरिंगोस्कोप सीलच्या आत गेला की रोज दिवा पेटतो का ते बघता येत नाही. आणि बल्ब सैल होणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणून रोज तपासायच्या वस्तू सीलच्या बाहेर, वरच्या टॉपवर किंवा बाजूच्या बास्केटमध्ये हव्यात. टॉपला तीन बाजूंनी कठडा नसेल तर त्या घरंगळतात. कठडा मागून घ्या.

त्या रोजच्या तपासणीत काय बघायचं? लॅरिंगोस्कोपचं ब्लेड लावून झटका दिल्यावर उजेड पांढरा आणि स्थिर हवा. पिवळा म्हणजे सेल उतरले, लुकलुकता म्हणजे बल्ब आवळा. अँबू बॅगेचं (हाताने दाबून श्वास द्यायची बॅग) तोंड तळव्याने बंद करून दाबायचं : हवा कुठूनच निसटायला नको, आणि सोडल्यावर बॅग झटकन फुगायला हवी. रिझर्व्हॉयर पिशवी जोडलेली आहे ना हेही बघा. धुवायला नेलेली पिशवी परत येत नाही हा सार्वत्रिक अनुभव आहे. सक्शनची नळी अंगठ्याने बंद केली की काटा पाऱ्याच्या ३०० मिमीच्या आसपास चढला पाहिजे. चढत नसेल तर बायोमेडिकलला फोन करण्याआधी बरणीचं झाकण काढून नीट बसवा, दहातल्या बहुतेक वेळा ते तिरकं असतं.

डिफिब्रिलेटरची चाचणी प्लग काढून, बॅटरीवर करायची. प्लग लावून केली तर मशीन तपासलं जातं, बॅटरी नाही. बऱ्याच मॉडेलवर ३० जूलचा शॉक मशीनमध्येच सोडून बघता येतो. छापलेली पट्टी तारीख-सहीसह रजिस्टरला चिकटवा. पट्टी कोरी आली तर रोल उलटा बसलाय. मग प्लग परत लावा आणि चार्जिंगचा दिवा लागल्याची खात्री करा. इथे कार्टचा दोष पुन्हा आडवा येतो : डिफिब्रिलेटर, सक्शन आणि मॉनिटर अशा तिघांना पॉइंट लागतात, कार्टवर एकही नसतो. मग भिंतीवर तीन वायरींचा गुंता, आणि पोछा मारताना मावशींनी काढलेला प्लग. कार्टच्या पाठीवर चार पॉइंटचा बोर्ड, तोही बटण नसलेला, आणि भिंतीकडे जाणारी एकच वायर असा बदल कंपनी थोड्या पैशांत करून देते. मागायला मात्र लागतो.

सिलिंडरच्या कडीचं माप विचारून घ्या. बरीच कडी छोट्या ए-टाइप सिलिंडरच्या मापाची असते आणि रुग्णालयात येतो बी-टाइप. बी-टाइपमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. अँबूला १५ लिटरने लावला तर भरलेला १०० मिनिटं, काटा निम्म्यावर असेल तर ५०. तपासून झाल्यावर वॉल्व्ह बंद करून फ्लोमीटरमधला दाब सोडून द्यायचा, नाहीतर काटा वर दिसतो आणि सिलिंडर रिकामा निघतो. चावी साखळीने कडीलाच बांधलेली हवी.

सीपीआर बोर्ड पाठीमागे टांगण्याची कल्पना कुणाची देव जाणे. कार्ट भिंतीला लावून उभी असते. बोर्ड काढायला कार्ट ओढावी लागते, तोवर गादीवर छाती दाबणं सुरू होतं आणि ५ सेंटीमीटरमधले निम्मे गादीच खाते. बोर्ड बाजूच्या खाचेत हवा. अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक बोर्ड दिसतो छान, पण स्पिरिटने पुसत गेलं की त्याला बारीक भेगा पडतात. जाड लाकडी किंवा एचडीपीई प्लास्टिकचा टिकतो. बॉडी पुसायला १ टक्का हायपोक्लोराइट चालतं, पण दहा मिनिटांनी साध्या पाण्याचा हात फिरवला नाही तर स्क्रू आणि चाकांचे दांडे गंजतात. रत्नागिरी, गोवा, मुंबईच्या दमट हवेत हे फार लवकर होतं. तिथे पावडर-कोटिंगचं लोखंड टाळावं.

चाकं ५ इंची घ्या. ३ इंची चाक लिफ्टच्या फटीत अडकतं. कापसाचे आणि गॉजचे दोरे चाकाच्या आसात गुंडाळतात. महिन्याच्या मोजणीच्या दिवशीच मामांना चाकं साफ करायला सांगून ठेवलं की विसरत नाही.

कचऱ्यासाठी बहुतेक कार्टला एकच डबा असतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात, काचेची अँप्युल निळ्यात, प्लास्टिक लाल पिशवीत. तीन डबे लटकवायला जागा नसते आणि कोडमध्ये वर्गीकरण होतही नाही. कार्टवर फक्त सुईचा डबा ठेवा. रिकाम्या अँप्युल किडनी ट्रेमध्ये जमा करा आणि कोड संपल्यावर कागदावरच्या डोसशी मोजून ताळा झाल्यावरच टाका. किती अ‍ॅड्रेनलिन गेलं याचा वाद त्या ट्रेने मिटतो, आणि भरण्याची यादीही तिथेच तयार मिळते.

मूळ साचा पाचपैकी अडीच गुणांचा. हलवत्या पट्ट्या, धातूच्या सरकपट्ट्या, सीलची पट्टी, उचलता येणारा ट्रे, बाजूचा बोर्ड आणि ५ इंची चाकं एवढं करून घेतलं तर चार. सलाइन स्टँड, सिलिंडरची कडी आणि बोर्ड काही जण कोटेशनमध्ये वेगळे लावतात, तेव्हा एकूण रकमेवरच तुलना करा. सुट्टी चाकं आणि सुटे ड्रॉवर पाच वर्षं मिळतील असं लेखी घ्या.

छोट्या नर्सिंग होमचं बजेट कमी असेल तर गॅरेजमध्ये वापरतात ती बॉल-बेअरिंगची स्टीलची टूल ट्रॉली बघायला हरकत नाही. ड्रॉवर दणकट, कप्पे हवे तसे पाडता येतात. जड आहे आणि सलाइन स्टँड वेल्डिंगवाल्याकडून लावून घ्यावा लागतो. सीलची पट्टीही त्याच फेरीत करून घ्या.